शहरी खत नाकारणारा शेतकरी चुकत नाही

खत तयार आहे, पण शेतकरी उचलत नाही. पुण्याच्या कचऱ्यावरच्या बैठका, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या आणि कंपोस्ट उद्योगाची निवेदनं यांतून हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येतं की त्याला पुरावा मागायचं आता कुणाला सुचतही नाही. मागोमाग कारणं येतात. शेतकऱ्याला युरियाची सवय लागली, जमिनीतला सेंद्रिय कर्ब म्हणजे काय ते त्याला कळत नाही, द्यायचं तर फुकट द्या म्हणतो. मग उपाय: अनुदान वाढवा, खत कंपन्यांवर सक्ती करा, गावोगाव जनजागृती करा. भोर आणि वेल्हे हे दोन तालुके या मांडणीत सहज बसतात. शहरापासून जवळ, डोंगरउताराची धुपलेली जमीन, भाताचं पीक, घटत चाललेली जनावरं. तिकडे खताचे ढीग आणि इकडे भुकेली माती, दोन्हींची गाठ घालून दिली की प्रश्न सुटला, असा हा हिशेब आहे.

हा हिशेब चुकीचा आहे, आणि त्यातला शेतकऱ्यावरचा आरोप अन्यायाचा आहे. गिऱ्हाइकाने माल हातात घेतला, पाहिला आणि परत ठेवला, एवढंच इथं घडलं आहे. माल का परत आला याची चौकशी सोडून गिऱ्हाइकालाच शहाणपण शिकवायला निघालेला दुसरा कुठला धंदा मला माहीत नाही. (वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे. माणसांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे, म्हणून मीही तेच लिहितो.)

इथला शेतकरी खताला पैसे मोजत नाही, असं म्हणणाऱ्याने भातकापणीनंतर या भागात एक चक्कर मारावी. पावसाळा सरला की देशावरचे धनगर मेंढ्या घेऊन वरंधा घाटाच्या वाटेने कोकणाकडे निघतात. वाटेत रिकाम्या झालेल्या रानात मेंढ्या बसवून घेण्यासाठी शेतकरी धान्य देतो, रोख पैसे देतो, आणि आपल्या रानाचा नंबर चुकू नये म्हणून आधीच शब्द टाकून ठेवतो. शेणखताची ट्रॉली विकत येते, कोंबडीखत विकत येतं, आणि तेही वेळेवर मिळेल याची खात्री नसते. खताला मागणी नाही हे वाक्य या माणसांसमोर कुणी म्हणून दाखवावं.

शहराच्या घाणीची त्याला किळस आहे म्हणावं, तर तेही खरं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला पुण्याच्या मैल्याचं सोनखत मुठेच्या कालव्यावरचे ऊस बागायतदार पैसे देऊन नेत होते. विटाळाचा काच आजच्यापेक्षा कितीतरी कडक असतानाची ही गोष्ट. तरी ते खत खपलं, कारण त्याने ऊस पोसला जात होता आणि त्यात मैला, राख आणि माती याखेरीज काही नव्हतं. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत शेतकरी बदलला त्यापेक्षा शहराचा कचरा फार अधिक बदलला. त्या बदलाचं बिल शेतकऱ्याच्या नावावर फाडू नये.

आता गोणीत काय असतं ते पाहू. मिश्र कचऱ्यापासून केलेलं खत मूठभर घ्यावं, पाण्याच्या बादलीत टाकून ढवळावं आणि थोडा वेळ थांबावं. वर तरंगतात ते शाम्पूच्या पुड्यांचे, दुधाच्या पिशव्यांचे, गुटख्याच्या पाकिटांचे तुकडे. चंदेरी बाजू वर आली की उन्हात चमकतात. मधल्या पाण्याला चहाच्या गाळासारखा रंग येतो. खरं खत तेवढंच. तळाला वाळू, विटेचा चुरा, सिमेंटची कणी आणि बोट फिरवलं की टोचणारी काच. मी हे निरनिराळ्या गोण्यांवर करून पाहिलं आहे. प्रमाण कमी-जास्त होतं, जिनसा त्याच असतात.

हीच मूठ भाताच्या खाचरात गेली की काय होतं ते शहरात बसून समजत नाही. लावणीच्या दिवसांत चिखलणी झालेल्या खाचरात बाया अनवाणी उतरतात. दिवसभर कमरेत वाकून, अंगठा आणि दोन बोटांनी रोपाची मुळं चिखलात रोवत मागे मागे सरकतात. हातमोजे घालून हे काम होत नाही, पायात बूट घालून तर नाहीच. पाण्यात राहून बोटांच्या बेचक्यांत आधीच चिखल्या झालेल्या असतात. त्या पायाला काच लागली तर जखम पाऊस असेतो भरत नाही, आणि लावणी तर थांबवता येत नाही. जिथं ट्रॅक्टरने नांगरून पेरतात तिथं चार तुकड्यांकडे कुणी काणाडोळा करील. भाताला ते चालत नाही. ज्या बाईने एकदा चिखलातून काच उपसून काढली, तिच्या घरात ती गोणी पुन्हा येत नाही, आणि ते बरोबरच आहे.

सरकारच्या लेखी मात्र तीच मूठ पास होऊ शकते. खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये शहरी कंपोस्टची मानकं दिलेली आहेत. ओलावा १५ ते २५ टक्के, सेंद्रिय कर्ब किमान १२ टक्के, नत्र ०.८ टक्के, स्फुरद आणि पालाश प्रत्येकी ०.४ टक्के, कर्ब-नत्र गुणोत्तर २० च्या आत, आणि ९० टक्के माल ४ मिलिमीटरच्या चाळणीतून गेला पाहिजे. शिसं, कॅडमियम, पारा, निकेल यांच्याही मर्यादा आहेत. काच आणि प्लॅस्टिकच्या तुकड्यांची वेगळी मर्यादा नाही. चाळणी आहे म्हणून भागतं असं कुणी म्हणेल. पण मिश्र कचरा आधी यंत्रात भरडला की काच आणि प्लॅस्टिक चाळणीतून जाईल इतकं बारीक होतं, म्हणजे जे हाताने वेचून काढता आलं असतं तेही खताचा भाग होऊन बसतं. युरोपीय संघाच्या २०१९ च्या खत नियमावलीत २ मिलिमीटरहून मोठ्या काच, धातू आणि प्लॅस्टिकच्या तुकड्यांना किलोभर कोरड्या कंपोस्टमागे प्रत्येकी ३ ग्रॅम आणि तिन्ही मिळून ५ ग्रॅम इतकीच मुभा दिली. तिथला शेतकरी बहुधा यंत्राने खत पसरतो. जिथं अनवाणी पायांनी लावणी होते, त्या देशात ही मर्यादा नसावी याची लाज धोरण आखणाऱ्यांना वाटायला हवी.

जड धातूंचंही तसंच. भोपाळच्या भारतीय मृदा विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी देशातल्या अनेक शहरांची कंपोस्ट तपासली आणि २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. उगमापाशी वेगळ्या केलेल्या ओल्या कचऱ्याच्या खतापेक्षा मिश्र कचऱ्याच्या खतात सेंद्रिय अंश कमी आणि जड धातू जास्त, हा त्यांतला मुख्य धडा. बॅटरीचा सेल, रंगाचा डबा, फुटलेली ट्यूबलाइट भाजीच्या देठांसोबत एकाच गाडीत गेली की पुढे कितीही चांगलं यंत्र लावा, धातू खतात उतरतात. आणि मानकात बसणं म्हणजे निर्धोक असणं नव्हे. शिशाची मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅम आहे. मर्यादेवरचं खत हेक्टरी १० टन घातलं तर एका खेपेला एक किलो शिसं जमिनीत जातं, आणि ते कुजत नाही.

युरियाच्या सवयीबद्दल बोलताना साधं गणितही कुणी मांडत नाही. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तिच्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे २० किलो ७०० ग्रॅम. तेवढंच नत्र ०.८ टक्के मानकाच्या शहरी खतातून घ्यायचं तर ५० किलोच्या ५२ गोण्या लागतात, आणि त्यातलं सगळं नत्र पहिल्या वर्षी पिकाला मिळतही नाही. यावर उत्तर मिळतं की कंपोस्ट नत्रासाठी नसतं, कर्बासाठी असतं. अगदी मान्य. मग कर्बाच्या हिशेबाने पाहू. भाताला हेक्टरी १० टन सेंद्रिय खत धरलं तर एकराला ४ टन होतात, म्हणजे ८० गोण्या. तोरण्याच्या पायथ्याला किंवा नीरा-देवघरच्या वरच्या अंगाला टेम्पो गावापर्यंत येतो. तिथून खाचरापर्यंत बांधाची वाट असते आणि ८० गोण्या डोक्यावरून न्याव्या लागतात. एवढे कष्ट घेऊन टाकायच्या खतात कर्ब १२ टक्के आणि उरलेल्यात माती नि चुरा असेल, तर माती आपल्या रानात आधीपासून आहे. खर्चाचा असा विचार करणाऱ्याला अडाणी म्हणण्यापूर्वी म्हणणाऱ्याने एक गोणी त्या वाटेने नेऊन पाहावी.

आणखी एक आकडेमोड करतो, कारण बाजारपेठ नाही या ओरडीचा पोकळपणा तीतूनच दिसतो. एक टन ओल्या कचऱ्यातून साधारण २०० ते २५० किलो खत निघतं. पुण्यात रोज दोन हजार टनांहून जास्त कचरा निघतो, त्यातला निम्मा ओला धरला आणि सगळाच्या सगळा खतात गेला असं समजलं, तरी वर्षाला ऐंशी हजार टनांच्या आसपास खत होईल. हेक्टरी १० टनांनी ते आठ हजार हेक्टरांना पुरेल. पुणे जिल्ह्याचं क्षेत्रफळ साडेपंधरा लाख हेक्टरांच्या वर आहे. म्हणजे खत खरोखर चांगलं असतं, तर उरुळी कांचनच्या रोपवाटिका, हवेली-पुरंदरचे फळबागवाले आणि शहरातल्या सोसायट्यांच्या बागा यांनीच ते संपवलं असतं. कात्रजचा बोगदा ओलांडून ते भोरपर्यंत पोहोचलंच नसतं. शहराच्या वेशीवर न खपलेला माल डोंगरातल्या गरीब शेतकऱ्यापर्यंत आणायचा आग्रह धरला जातो, याचा अर्थ काय लावायचा?

धोरणाने हे बिघडवलं की सुधारलं, तेही पाहिलं पाहिजे. अलमित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेतून २००० चे घनकचरा नियम आले, आणि त्या एका बाईच्या चिकाटीचे या देशावर मोठे उपकार आहेत. त्या नियमांच्या जागी २०१६ चे नियम आले. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करायचा हे त्यांत स्पष्ट लिहिलं होतं. त्याच नियमांनी खत विभागावर आणखी एक जबाबदारी टाकली: रासायनिक खताच्या सहा-सात गोण्यांमागे कंपोस्टच्या तीन-चार गोण्या कंपन्यांनी विकाव्यात यासाठी प्रयत्न करायचे. त्याच वर्षी केंद्राने शहरी कंपोस्टला टनामागे १५०० रुपये बाजार विकास साहाय्य जाहीर केलं. पैसा कंपनीला मिळायचा, टनावर मिळायचा. वर्गीकरण करणाऱ्या घराला नाही, तो कचरा घरोघर जाऊन गोळा करणाऱ्या कचरावेचक बाईला नाही, खत वापरणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात नाही. टनावर पैसा द्यायचा ठरला की टन वाढतात, आणि वाळूसुद्धा टनात मोजली जाते.

कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर या सहविक्रीचं काय होतं हे शेतकऱ्याला विचारा. ऐन हंगामात युरिया हवा असेल तर सोबत ही दुसरी पिशवीही घ्यावी लागेल, असं त्याला सांगितलं जातं. याला तो लिंकिंग म्हणतो. कृषी खातं दर खरिपात लिंकिंगवर कारवाईचा इशारा देतं, आणि दुसऱ्या बाजूने २०१६ चे नियमच जोडीने विकायला सांगत होते. कंपोस्टचं नाव ज्या पद्धतीने सक्तीशी जोडलं गेलं, त्याने झालं तेवढं नुकसान कुठल्याही अपप्रचाराने झालं नसतं. राज्य सरकारने हरित महासिटी कंपोस्ट नावाचा ब्रँड काढला, तपासणीची अट घातली, हे चांगलं केलं. पण ब्रँडने कचऱ्याची गाडी बदलत नाही. शहरी कंपोस्टचं ते साहाय्य २०२१ मध्ये थांबलं, आणि २०२३ मध्ये केंद्राने गोबरधन प्रकल्पांतून निघणाऱ्या सेंद्रिय खतासाठी पुन्हा टनामागे १५०० रुपयेच ठरवले, तीन वर्षांसाठी १४५१ कोटी ८४ लाख. शेण आणि उसाची मळी यांचं खत मिश्र कचऱ्याच्या खतापेक्षा कितीतरी बरं, त्याबद्दल तक्रार नाही. पण मोजमाप पुन्हा टनाचंच ठरलं.

राबाचा मुद्दा दर उन्हाळ्यात येतो, म्हणून त्याला वेगळं उत्तर देतो. म्हणतात, हेच लोक शेण, पालापाचोळा आणि झाडांचे तोडलेले टाहाळ भाताच्या रोपांच्या तरव्यात जाळतात आणि आमचं खत मात्र नको म्हणतात. तरवा भाजतो तो उगीच नाही. तणाचं बी मरतं, वरची माती भुसभुशीत होते, राखेतला पालाश रोपाला मिळतो आणि उपटताना रोपाची मुळं तुटत नाहीत. दोन-अडीच हजार मिलिमीटर पावसात, खुरपणीला माणूस मिळत नसताना, ही पद्धत पिढ्यान्पिढ्या टिकली ती उपयोगाची होती म्हणूनच. तरीही ती आता परवडत नाही, हे मी तितक्याच ठामपणे म्हणतो. ज्या शेणाने आणि पाल्याने खाचर सुपीक झालं असतं ते काही गुंठ्यांच्या तरव्यात धुरासोबत जातं, आणि टाहाळासाठी झाडं बोडकी होतात. पण राब थांबवायला शहरी खताची गोणी कामाची नाही. त्यासाठी गादीवाफा हवा आणि डॉ. नारायण सावंतांनी मांडलेली चारसूत्री भातशेती हवी. भाताच्या अवशेषांचा फेरवापर, गिरिपुष्पाच्या हिरव्या पाल्याचं खत, नेमक्या अंतरावर लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या खोलवर खोचणं. गिरिपुष्पाचा पाला गुंठ्याला ३० किलो लागतो. तो त्याच खाचराच्या बांधावर उगवतो, त्याला ना टेम्पो लागतो ना गोणी, आणि त्यात काच नसते. इंद्रायणीसारखं १९८७ मध्ये वडगाव मावळच्या केंद्रातून आलेलं वाण घराघरांत पोहोचलं, कारण त्याचा फायदा शेतकऱ्याला ताटात दिसला. चारसूत्री तशी पोहोचली नाही. जनजागृतीवर पैसा घालायचाच असेल तर तिथं घालावा.

या दोन तालुक्यांना आणखी एक गोष्ट वेगळी ठरवते, आणि ती पुणेकरांनी तरी विसरू नये. पानशेत आणि वरसगावचं पाणी याच डोंगरांतून खडकवासल्यात उतरतं आणि पुण्याच्या नळाला येतं. भाटघर आणि नीरा-देवघरचं पाणी नीरेच्या कालव्यांतून बारामती-फलटणच्या पुढपर्यंत जातं. या उतारावर जे टाकाल ते दोन पावसांत धरणात असतं. मिश्र कचऱ्याचं खत इथं पसरायचं म्हणजे शहराने बाहेर फेकलेलं प्लॅस्टिक आणि शिसं शहराच्याच पिण्याच्या पाण्याच्या वरच्या अंगाला आणून ठेवायचं. हीच भीती आता जुन्या कचरा डेपोंच्या बायोमायनिंगची आहे. कचऱ्याचे डोंगर चाळून निघणाऱ्या बारीक चाळाला माती म्हटलं जातं आणि त्याला जागा शोधली जाते. फार्महाउसच्या प्लॉटला भराव हवा असतो, डोंगरात विचारणारं कुणी नसतं. हे होण्याआधीच ते अडवलं पाहिजे.

उरुळी देवाची आणि फुरसुंगीने काय भोगलं ते जिल्ह्याला ठाऊक आहे. पुण्याचा कचरा तिथं १९९० च्या दशकापासून जात राहिला, विहिरींचं पाणी नासलं, मिश्र कचऱ्याचं खत आणि इंधन करणारे मोठाले प्रकल्प आले आणि ठरल्या क्षमतेने चालले नाहीत. २०१७ च्या उन्हाळ्यात डेपोला आग लागली तेव्हा गावकऱ्यांनी गाड्या आठवडेच्या आठवडे अडवून धरल्या. शहरातून निघणाऱ्या गाडीला गावात मान राहिला नाही, तो या अनुभवाने. खताच्या गोणीवर हिरवं पान छापून तो परत मिळणार नाही.

मग शहराच्या ओल्या कचऱ्याचं करायचं काय, हा प्रश्न रास्त आहे. तो शहरातच जिरवायचा. पुण्याला ते अशक्य नाही, उलट पुण्याइतकी तयारी देशात थोड्याच शहरांची असेल. कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत इथं १९९३ पासून आहे, तिच्यातून उभी राहिलेली स्वच्छ सहकारी संस्था घरोघरी जाऊन वेगवेगळा कचरा घेते. कचरावेचक बायांच्या हातून आलेला ओला कचरा हा शहरातला सर्वांत स्वच्छ ओला कचरा असतो. त्याचं खत किंवा बायोगॅस करून आधी महापालिकेच्या बागा, टेकड्या, रस्त्यांच्या दुभाजकांत तेच वापरा. ज्या बागेत शहरातली मुलं अनवाणी खेळतात त्या मातीत ते टाकायची हिंमत झाली, की आम्हीही पैसे देऊन घेऊ. आधी स्वतः वापरा, मग विका, एवढीच अट आहे.

इकडे या तालुक्यांचा स्वतःचा जैविक माल वाया जातो आहे आणि त्याकडे कुणाचं लक्ष नाही. पुणे-सातारा रस्त्यावर कापूरहोळ-नसरापूरच्या आसपासच्या हॉटेलांचं खरकटं, पानशेतकडच्या पर्यटकांचं खरकटं, कुक्कुटपालनाची विष्ठा, दर उन्हाळ्यात वणव्यात जळणारं डोंगरांचं गवत. भोर शहराची वस्ती २०११ च्या जनगणनेत अठरा हजारांच्या आसपास होती. माणशी ३०० ग्रॅम कचरा धरला तर निम्म्या ओल्या कचऱ्यातून रोज सहाशे किलोभर खत होऊ शकतं. आकडा छोटा आहे, पण छोटा आहे म्हणूनच तो स्वच्छ ठेवता येतो. वेंगुर्ल्याची वस्ती भोरपेक्षाही कमी. तिथं मुख्याधिकारी रामदास कोकरे यांनी कचरा वीसहून अधिक प्रकारांत वेगळा करून घेतला आणि जिथं नाक दाबून जावं लागायचं त्या डेपोचं उद्यान झालं. भोरच्या नगरपालिकेला हे जमणार नाही असं मानायला कारण नाही.

ज्ञानाचीही उणीव नाही. कंपोस्टच्या इंदूर पद्धतीचं नाव घेताना सगळे अल्बर्ट हॉवर्ड यांचं नाव घेतात. ती पद्धत मांडणाऱ्या १९३१ च्या पुस्तकावर यशवंत वाड यांचंही नाव सहलेखक म्हणून आहे, हे मराठी माणसालाही सांगावं लागतं. पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी नाडेप हौद दिला: १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, भिंतींना हवेसाठी भोकं ठेवलेला विटांचा हौद. शंभर किलोच्या आसपास शेण, बाकी काडीकचरा आणि माती, आणि तीन-चार महिन्यांत अडीच-तीन टन खत. गोठ्यात एकच म्हैस उरलेल्या आजच्या घरासाठी याहून सोयीचं काय असेल? गोठा मोठा होता तेव्हा उकिरड्यावर भागत होतं. आता शेण कमी आहे, म्हणून ते पुरवून वापरायची रीत हवी, आणि ती महाराष्ट्रातल्याच माणसाने शोधून ठेवली आहे.

पैसा मात्र इथं येत नाही. स्वच्छ भारत अभियानाच्या ग्रामीण भागाच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपये ठरले. वेल्ह्यातल्या हजार वस्तीच्या गावाला म्हणजे साठ हजार रुपये. त्यात एक बरं पाचट-कुट्टी यंत्र आणि चार हौद यांचाही हिशेब बसत नाही. कंपनीच्या टनाला १५०० आणि गावच्या माणसाला ६०, ही तफावत मिटवल्याशिवाय सेंद्रिय शेतीच्या गप्पा कुणी आम्हाला सांगू नयेत.

खत नियंत्रण आदेशात काच आणि प्लॅस्टिकची मर्यादा घाला आणि प्रत्येक खेपेचा तपासणी अहवाल गोणीवर छापा. गोणीत काच निघाली तर विकणाऱ्याने माल परत नेऊन पैसे चुकते करावेत, अशी लेखी हमी द्या. अनुदान टनावर न देता कर्बावर आणि स्वच्छतेवर द्या, आणि ते खत वापरणाऱ्याच्या खात्यात जमा करा. धरणांच्या पाणलोटात मिश्र कचऱ्याचं खत आणि बायोमायनिंगचा चाळ यांना बंदी घाला. यातलं बरंचसं दिल्ली-मुंबईच्या हाती आहे, पण शेवटचं काम गावाच्याही हाती आहे. पानशेतपासून भाटघरापर्यंतच्या ग्रामपंचायतींनी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पाणलोटाचा हा ठराव घ्यावा, आणि त्याच सभेत गावाच्या निधीतून पहिले दोन नाडेप हौद कुठं बांधायचे तेही ठरवावं. म्हणजे कापणी आटोपून डोंगरावरचं गवत वणव्याच्या तोंडी जाण्याआधी ते हौदात पडेल.